‘परिपक्व’ स्वर : ‘मेराज-ए-गझल’च्या निमित्ताने एक स्वनशास्त्रीय विचार

लोकप्रिय गायिकेची एखादी ध्वनिमुद्रिका तिच्या पूर्वीच्या गाण्यांहून निराळी वाटू लागली की रसिक व समीक्षक बहुधा एकच विशेषण वापरतात : ‘परिपक्व’. क्वचित ‘प्रौढ’, क्वचित ‘प्रगल्भ’. ही विशेषणे स्तुतिपर असतात, म्हणून त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. वस्तुतः ती कशाला लावली जातात, गळ्याला, सुराला, शब्दोच्चाराला की चालीला, हे स्पष्ट झाल्यावाचून त्यांच्यावर कोणतेही विधान उभे करता येत नाही. प्रस्तुत लेखात आशा भोसले व गुलाम अली यांच्या ‘मेराज-ए-गझल’ (१९८३) या संग्रहाच्या आधारे हा प्रश्न मांडावयाचा आहे. प्रश्न संगीतशास्त्राचा आहे तितकाच स्वनशास्त्राचाही आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घातल्यास त्याची थोडीफार उकल होऊ शकते, असे मला वाटते.

या विचाराला कारण घडले ते वरूड येथील एका पदव्युत्तर वर्गात. स्वरांच्या अनुनादाविषयी बोलताना मी या संग्रहातील एक गझल विद्यार्थ्यांना ऐकविली आणि, वयोमानाने स्त्रीचा आवाज खाली उतरतो व त्यामुळे तो भारदस्त भासतो, याचे उदाहरण म्हणून तिच्याकडे बोट दाखविले. तेव्हा अचलपूरकडील एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “सर, मग ‘नमक हलाल’चं गाणं त्यांनी कोणत्या वयात म्हटलं?” वर्गात हशा पिकला. परंतु तो प्रश्न माझ्या विधानाचा पायाच उखडणारा होता. ‘नमक हलाल’ १९८२ चा. त्यात बप्पी लाहिरी यांच्या चालीवर आशाबाईंनी गाइलेले क्लबमधील गीत ज्यांनी ऐकले आहे त्यांना तो स्वर प्रौढ वाटण्याचा संभव नाही. एकाच कंठातून, अवघ्या वर्षभराच्या अंतराने, दोन वयांचे आवाज येत असतील तर वय हे कारण होऊ शकत नाही. निदान ते एकमेव कारण नव्हे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘परिपक्व’ हा शब्द फळावरून आला. ‘प्रौढ’ हा ‘वह्’ धातूवरून, पुढे वाहून नेलेला, वाढलेला, या अर्थी. संस्कृत साहित्यशास्त्राने नायिकेच्या मुग्धा, मध्या व प्रगल्भा (अथवा प्रौढा) अशा अवस्था कल्पिल्या, त्या केवळ वयावर बेतलेल्या नव्हेत. लज्जा, अनुभव व वचनचातुर्य यांवर त्या ठरतात. म्हणजे प्रौढत्व हा बोलण्याच्या रीतीचा धर्म होय, हे आपल्या परंपरेला पूर्वीच ठाऊक होते. फळाच्या रूपकाविषयी वरूड-मोर्शी भागातील वाचकांस अधिक सांगणे नलगे. आंबिया बहराचे संत्रे आतून गोड झालेले असले तरी रात्री पुरेशा थंड नसल्यास त्याची साल हिरवीच राहते; आणि आंब्याप्रमाणे ते तोडल्यावर अढीत पिकत नाही. रंग हा पक्वतेचा पुरावा नव्हे, ही गोष्ट येथील बागाईतदार जाणतो. गायनाच्या समीक्षेत मात्र आवाजाचा रंग पाहूनच निकाल दिला जातो.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे येऊ. आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली संस्थानातील गोअर येथे झाला. १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटापासून त्या पार्श्वगायन करीत होत्या. ओ. पी. नय्यर यांच्या ‘नया दौर’ने (१९५७) आणि राहुलदेव बर्मन यांच्या ‘तीसरी मंझिल’ने (१९६६) त्यांची जी प्रतिमा निर्माण केली ती चपल, खट्याळ, पाश्चात्त्य ठेक्यावर झुलणाऱ्या गळ्याची. आज आपण ज्यास पॉप म्हणतो त्याचे हिंदी चित्रपटातील रूप मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच आवाजात घडले. या प्रतिमेला पहिला मोठा छेद गेला तो १९८१ च्या ‘उमराव जान’मध्ये. मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९ मधील कादंबरीवर मुजफ्फर अली यांनी हा चित्रपट काढला. गझला शहरयार यांच्या, संगीत खय्याम यांचे. खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीहून खाली गावयास लावले, आणि आपला आवाज असाही लागू शकतो याचे खुद्द गायिकेसच आश्चर्य वाटले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. चित्रपट आला तेव्हा त्यांचे वय ४७ होते. या गायनाबद्दल त्यांना उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर दोन वर्षांनी ‘मेराज-ए-गझल’ आला. यात चित्रपट नव्हता, पडद्यावरील नायिका नव्हती. नासिर काझमी, अहमद फराज यांच्यासारख्या कवींच्या रचना, गुलाम अलींच्या चाली, आणि दोघांचे गायन, एवढेच.

पट्टी खाली केल्याने नेमके काय होते? येथे थोडा हिशेब करणे अगत्याचे आहे. समजा, एखादी गायिका काळी एकचा षड्ज धरून गात आहे. मध्य षड्जाची कंपनसंख्या सुमारे २७७ हर्ट्झ, त्याच्या पंचमाची ४१५, तार षड्जाची ५५४. आता पट्टी दीड स्वराने उतरवून काळी पाच केली, तर षड्ज २३३ वर, पंचम ३५० वर आणि तार षड्ज ४६६ वर येतो. श्रोत्याला हा फरक ‘आवाज जरा खाली आला’ एवढाच जाणवतो. पण स्वरोच्चाराच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची सीमा ओलांडली जाते.

आपण ‘इ’, ‘उ’, ‘आ’ हे स्वर एकमेकांपासून ओळखतो ते मुखविवराच्या अनुनादांमुळे. स्त्रियांच्या बोलण्यात ‘इ’ व ‘उ’ यांचा पहिला अनुनाद साधारणतः ३०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान असतो, ‘आ’चा ८०० ते ९०० च्या आसपास. गाणाऱ्या सुराची कंपनसंख्याच जर या पहिल्या अनुनादाच्या वर गेली, तर त्या अनुनादाला बळ देणारा नादच शिल्लक राहत नाही. मग ‘इ’ ही ‘इ’ राहत नाही. ती पसरट होऊ लागते, ‘उ’ उघडा होऊ लागतो. पाश्चात्त्य सोप्रानो गायिका उंच सुरात जबडा उघडून पहिला अनुनाद मुद्दाम वर कसा नेतात, हे योहान सुंदबर्ग यांनी १९७० नंतरच्या दशकात मोजमापांसह दाखविले. तेथे सूर वाचतो, पण शब्द जातो. शिवाय सूर जितका उंच, तितकी त्याच्या उपस्वरांतील अंतरे मोठी. ६०० हर्ट्झच्या सुरात ६००, १२००, १८०० एवढ्याच ठिकाणी नाद सापडतो, आणि मुखाची आकृती काय आहे हे कानाला कळावयास पुरेशी सामग्रीच मिळत नाही. ३०० हर्ट्झवर ती दुप्पट मिळते.

वरील उदाहरणात काळी एकच्या पट्टीत मध्य सप्तकातील पंचमावरच ‘इ’ व ‘उ’ दोन्ही धोक्यात येतात. काळी पाचमध्ये त्याच पंचमावर ते बव्हंशी वाचतात. आणि गझलेचा विस्तार मुख्यतः याच प्रदेशात, मध्य षड्ज ते पंचम-धैवत यांच्या दरम्यान चालतो. तात्पर्य, पट्टी उतरविल्याचा पहिला परिणाम गळ्यावर नसून शब्दावर होतो. बोललेले आणि गाइलेले यांतील अंतर कमी होते. गायिका आपल्याशी बोलत आहे असे जे वाटते, आणि ज्याला आपण ‘समज’, ‘जाण’, ‘परिपक्वता’ अशी नावे देतो, त्याचा मोठा भाग या साध्या भौतिक गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

याचा अर्थ खाली गाणे म्हणजे प्रौढ गाणे, असा मात्र नव्हे. याच सुमारास नाझिया हसन हिचे ‘कुर्बानी’मधील (१९८०) गाणे घरोघर वाजत होते. ते तत्कालीन पार्श्वगायिकांच्या तुलनेने खालच्या सुरात आहे, आणि ती पंधरा वर्षांची होती. ऐकणाऱ्या कोणासही ते प्रौढ वाटले नाही. उलट तारुण्याचा तोच नवा सूर ठरला. तेव्हा केवळ कंपनसंख्या मोजून हा प्रश्न सुटत नाही. वाचलेल्या स्वरांचा गायिकेने उपयोग काय केला, हे पाहिले पाहिजे.

येथे उच्चाराचा विचार येतो, आणि मराठी भाषकास तो विशेष रंजक वाटावा. मराठीत ‘च’ व ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत : तालव्य आणि दंततालव्य. ‘जरा’ हा शब्द तालव्य ‘ज’ने उच्चारला तर वार्धक्य, दंततालव्य ‘ज’ने उच्चारला तर किंचित. (आपल्या विषयाला दोन्ही अर्थ लागू पडतात, हा योगायोग.) मराठीचा दंततालव्य ‘ज’ दोन स्वरांमध्ये आला की पुष्कळदा निव्वळ संघर्षी होतो, ‘बाजू’ हा शब्द घाईने उच्चारून पाहावा. म्हणजे उर्दूतील ‘ज़’ मराठी मुखाला परका नाही. हिंदी पट्ट्यातील ज्या बोलींत ‘ज’ व ‘ज़’ एक झाले आहेत, त्यांच्या भाषकांपेक्षा मराठी गायिका या बाबतीत सुस्थितीत असते. अडचण पडते ती वेगळ्याच ठिकाणी. मराठीत ‘इ’, ‘ई’, ‘ए’ या पुढील स्वरांपूर्वी येणारा ‘ज’ बहुतेक तालव्यच असतो. म्हणून ‘बाज़ार’ किंवा ‘राज़’ आपल्याला सहज जमते, परंतु ‘ज़िंदगी’ व ‘ज़ेवर’ यांत आपली जीभ सवयीने टाळूकडे जाते. येथे ध्वनी नवा शिकावयाचा नसतो, ध्वनीची जागा नवी शिकावयाची असते. दुसऱ्या भाषेच्या अध्ययनात हे काम अधिक अवघड, कारण चूक आपल्या आपल्याला ऐकू येत नाही.

तीच गोष्ट ‘ह’पूर्वीच्या अकाराची. आपण ‘शहर’, ‘महफिल’ हे शब्द शुद्ध अकाराने उच्चारतो. उर्दूत त्या ठिकाणी स्वर पुढे सरकतो व ‘ए’च्या जवळ जातो. ‘क़’ हा अलिजिह्वेपाशी, ‘ख़’ व ‘ग़’ हे संघर्षी. हे तिन्ही मराठीत मुळीच नाहीत. यांपैकी एकही चूक गझलेच्या जाणत्या श्रोत्याच्या कानातून सुटत नाही. दिलीपकुमार यांच्या एका शेऱ्यानंतर लता मंगेशकर यांनी उर्दूची रीतसर शिकवणी धरली, हे सर्वश्रुत आहे. मराठी घरातील दोन्ही भगिनींना हे परभाषेचे ओझे आयुष्यभर वाहावे लागले. ‘मेराज-ए-गझल’मध्ये तर शेजारी गाणारा गायक उर्दू-पंजाबीच्या मुलखातील, पतियाळा परंपरेत तयार झालेला. तेथे उच्चाराची तुलना क्षणोक्षणी होणार होती. मला या संग्रहातील आशाबाईंच्या गायनात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की, ‘ज़’ व ‘ग़’ या वर्णांवर त्या थांबून जोर देत नाहीत. नवशिका गायक असे वर्ण ठळकपणे उच्चारून आपले उर्दू दाखवितो. येथे ते वर्ण ओघात येतात आणि जातात. उच्चाराची परिपक्वता म्हणावयाची तर ती हीच.

वृत्ताचाही एक मुद्दा आहे. उर्दू छंदात ‘का’, ‘की’, ‘से’, ‘मेरा’ यांसारख्या शब्दांतील दीर्घ स्वर गरजेप्रमाणे ऱ्हस्व मोजण्याची मुभा असते. लिहावयाचे दीर्घ, म्हणावयाचे ऱ्हस्व. मराठीत अशी सवलत नाही. आपला गुरू तो गुरू आणि लघू तो लघू. मराठी गझलेला आकार देताना सुरेश भट यांनी, विशेषतः ‘गझलेची बाराखडी’त, ही शिस्त कटाक्षाने सांगितली. मराठी वृत्तावर वाढलेली गायिका उर्दू ओळ गाऊ लागली की लिहिलेल्या दीर्घावर ती सहज रेंगाळते, आणि ओळीचा तोल जातो. उलट ऱ्हस्व स्वर झटकन सोडून पुढच्या अर्थपूर्ण शब्दावर विसावा घेतला, तर बोलण्याची लय गाण्यात उतरते. या संग्रहात ही लय साधली आहे. ‘नमक हलाल’मध्ये लय ठेक्याची, येथे वाक्याची.

सुरेश भटांचा उल्लेख झालाच आहे, तर त्याचा आमच्या भागाशी असलेला संबंधही सांगितला पाहिजे. भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीस झाला. ‘रूपगंधा’ (१९६१) व ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) या संग्रहांनंतर त्यांच्या रचना हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींतून घरोघर गेल्या, आणि त्यांपैकी कित्येक आशाबाईंनी गाइल्या. ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटातील त्यांचे गीतही आशाबाईंच्याच आवाजात आहे. म्हणून ‘उमराव जान’ने आशाबाईंना गझल दिली असे जे हिंदीकडे मानले जाते, ते मराठी श्रोत्याला अर्धेच पटेल. ओळ तुटू न देता शब्दावर भार देणे, काफियाकडे घाई न करता जाणे, याचा अभ्यास त्यांच्याकडून मराठीत आधीच झाला होता. खय्याम यांनी पट्टी बदलली. शब्द सांभाळण्याची रीत अमरावतीच्या कवीने लिहिलेल्या ओळींवर घोटली गेली होती, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. आमच्याकडील बोलीत ‘काळा’चे ‘काया’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’ होते. परंतु स्नेहसंमेलनात भटांची गझल म्हणताना हीच मुले ‘ळ’ काळजीपूर्वक सांभाळतात. गाण्यातील उच्चार हा नेहमीच थोडासा परका उच्चार असतो.

ध्वनिमुद्रणाच्या बाजूविषयी फार लिहीत नाही, पण ती वगळताही येत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मिळत. दीर्घ तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक. शेर दोनदा, तीनदा, निरनिराळ्या अंगांनी म्हणण्यास अवकाश मिळाला तो यामुळे. शिवाय चित्रपटातील मोठ्या वाद्यवृंदातून आवाज वर काढावा लागे. पेटी, तबला व मोजकी तंतुवाद्ये असली की तो जपून लावता येतो. ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ गाइल्यास त्यातील खालचे नाद अधिक उठून ऐकू येतात, हा यंत्राचा गुण. श्रोता तो गळ्याच्या खात्यावर जमा करतो.

एवढे सारे वेगळे काढल्यावर वयाच्या खात्यावर किती उरते? रजोनिवृत्तीनंतर स्वरतंतू किंचित जाड होतात व स्त्रियांच्या बोलण्याची सरासरी कंपनसंख्या काहीशी उतरते, हे खरे. कित्येक गायिकांच्या बाबतीत शरीराने खरोखरच आवाज बदलला. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा प्रारंभीचा आवाज पातळ होता. घशावरील उपचारानंतर तो पुरुषी वाटावा इतका खर्जात गेला, आणि त्याच आवाजावर त्यांनी किराणा गायकीचे मंदिर उभारले. इंग्लंडच्या मेरिअन फेथफुल हिने १९६४ साली कोवळ्या आवाजात पॉप गायनास आरंभ केला. १९७९ च्या ‘ब्रोकन इंग्लिश’मध्ये ऐकू येतो तो घोगरा, फाटलेला कंठ आजाराने व व्यसनाने दिलेला. कॅनडाच्या जोनी मिशेल हिने १९६९ मधील आपलेच गीत २००० साली वाद्यवृंदासह पुन्हा गाइले, तेव्हा उतरलेल्या आवाजाने त्याच शब्दांना निराळा अर्थ आला. या तिघींच्या बाबतीत मागे परतण्याचा मार्ग बंद झालेला होता. आशाबाईंच्या बाबतीत तो उघडाच राहिला. १९८७ मध्ये राहुलदेव बर्मन व गुलजार यांच्यासह त्यांनी ‘दिल पडोसी है’ हा चित्रपटबाह्य संग्रह काढला. त्यात हे दोन्ही आवाज एकाच मुद्रिकेत, कधी एकाच गीतात, शेजारी नांदतात.

म्हणूनच ‘परिपक्व’ या विशेषणाची मला थोडी भीती वाटते. १९४९ च्या ‘महल’नंतर हिंदी चित्रपटाच्या नायिकेसाठी उंच, पातळ, निष्कलंक असा स्वर प्रमाण ठरत गेला. शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली यांचे भरदार आवाज मागे पडले, आणि जे त्या प्रमाणात बसत नव्हते ते क्लबमधील नर्तकीच्या वाट्यास गेले. आशाबाईंची कितीतरी गाणी या दुसऱ्या वाट्यातील आहेत. तीच गायिका तवायफेच्या तोंडून का होईना, पण गझल गाऊ लागताच ‘परिपक्व’ ठरते. म्हणजे त्या आधीचे सारे अपक्व होते काय? क्लबच्या गीतातील श्वासाचा वापर, मध्येच बोलून घेतलेला शब्द, अर्धवट सोडलेला सूर ही कौशल्ये स्वननिर्मितीच्या दृष्टीने गझलेतील मींडेहून तसूभरही कमी अवघड नाहीत. श्वासमिश्रित ध्वनीसाठी स्वरतंतू किंचित विलग ठेवून सूर मात्र अढळ राखावा लागतो. प्रयत्न करून पाहणाऱ्यास त्यातील कष्ट कळतील. आपण विषयाची प्रतिष्ठा गळ्यावर लादतो, आणि त्या लादण्यास शास्त्रीय निरीक्षण समजतो. वर्गात माझ्याकडून नेमके हेच घडले होते.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासिकेस मी दोन ध्वनिमुद्रणे आणावयास सांगितली : ए. आर. रहमान यांच्या ‘रंगीला’मधील (१९९५) आशाबाईंचे एक गीत, आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासह केलेल्या ‘लेगसी’तील (१९९६) एक बंदिश. पहिले वयाच्या बासष्टीच्या आसपासचे आणि विशीतील नायिकेसाठी. दुसरे त्यानंतर वर्षभराने प्रसिद्ध झालेले, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून आलेल्या जुन्या बंदिशींचे, ज्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. कोणते आधीचे व कोणते नंतरचे हे न सांगता दोन्ही वर्गात वाजविली. बहुतेकांनी ‘लेगसी’ किमान वीस वर्षांनी नंतरची ठरविली. ती विद्यार्थिनी मात्र वहीत ‘इ’ आणि ‘उ’ कोठे कोठे नीट ऐकू येतात याच्या खुणा करीत बसली होती.